विश्लेषण : हाडांच्या आत नसांचे काय काम? फॉन ऑयलर यांच्या अनामिक पुडीपासून अस्थिमज्जेपर्यंत…

कंबरेच्या हाडातून बोन मॅरोचा नमुना काढून घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना ती कळ आठवत असेल. कातडी बधिर केलेली असते, हाडावरचे आवरणही बधिर केलेले असते. तरीही डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढतात त्या क्षणी हाडाच्या अगदी आतून काहीतरी खेचल्यासारखे दुखते. अर्थ सरळ आहे : बोन मॅरोत, म्हणजे अस्थिमज्जेत, वेदना जाणणाऱ्या नसा आहेत. पण रक्त तयार करणाऱ्या या कारखान्याला वेदनेच्या तारा कशासाठी हव्यात? गेल्या तीसेक वर्षांत मिळत गेलेले उत्तर असे, की या नसा फक्त मेंदूला खबर देत नाहीत. त्या न्यूरोपेप्टाइड नावाची रसायने मज्जेतच सोडतात आणि तिथल्या रक्तपेशी व रोगप्रतिकारक पेशी त्या रसायनांनुसार वागतात. या कथेचा धागा मागे नेला तर तो १९३० सालच्या लंडनमध्ये, पंचविशीतल्या एका स्वीडिश डॉक्टरपाशी पोहोचतो. अस्थिमज्जेवर त्याने स्वतः काम केले नव्हते. तरी त्याने शोधलेली तिन्ही रसायने आज अस्थिमज्जेच्या संशोधनात भेटतात.

कोण होते उल्फ फॉन ऑयलर?

उल्फ फॉन ऑयलर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०५ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. घरात विज्ञान इतके होते की त्यांनी दुसरे काही केले असते तरच नवल. आजोबा पेर तेओडोर क्लेव्ह हे रसायनशास्त्रज्ञ. होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये १८७९ मध्ये त्यांनी शोधली. वडील हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना किण्वनाच्या रसायनशास्त्रासाठी १९२९ चे नोबेल मिळाले. आई आस्ट्रिड क्लेव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञ. १८९८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्वीडिश महिला.

उल्फ सात वर्षांचे असताना, १९१२ मध्ये, आई-वडिलांचा घटस्फोट झाला. वडिलांनी पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. पाच मुलांना वाढवण्याची जबाबदारी आईवर आली. त्यांनी शिकवले, नोकरी केली आणि सूक्ष्म शैवालांवरचे संशोधनही सोडले नाही. फॉन ऑयलर यांच्याविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी नोबेलविजेत्या वडिलांचा उल्लेख आधी येतो. मुले ज्यांच्या हाताखाली वाढली त्या आस्ट्रिड मात्र एखाद्या ओळीत उरकल्या जातात. हे बरोबर नाही.

१९२२ मध्ये उल्फ स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकाच्या अभ्यासाला लागले. तिथे संशोधनाचे पहिले धडे त्यांना रॉबिन फोरियस यांच्याकडे मिळाले. हे नाव आपल्याला अनोळखी वाटेल, पण त्यांचे काम आपल्या प्रत्येक लॅब रिपोर्टमध्ये असते. रक्ताच्या तपासणीत ‘ईएसआर’ म्हणून जो आकडा येतो, त्यामागचा पायाभूत अभ्यास फोरियस यांचा. शरीरात दाह असेल तर लाल पेशी लवकर खाली बसतात. म्हणजे रक्त, दाह आणि रक्तवाहिन्या हे विषय फॉन ऑयलर यांच्यासमोर विद्यार्थिदशेतच आले होते. १९३० मध्ये ते डॉक्टर झाले आणि रॉकफेलर शिष्यवृत्तीवर लंडनला गेले.

घोड्याच्या आतड्यात काय सापडले?

लंडनच्या हॅम्पस्टेड भागातली हेन्री डेल यांची प्रयोगशाळा त्या काळी औषधशास्त्रज्ञांचे तीर्थक्षेत्र होती. नसा एकमेकींशी विजेच्या ठिणगीने बोलतात की रसायनाने, हा वाद तेव्हा पेटलेला होता. डेल रसायनाच्या बाजूचे. अ‍ॅसिटिलकोलीन हे त्यांचे आवडते रसायन आणि ते शरीरात कुठे कुठे आहे याचा शोध तिथे चालू होता. तरुण फॉन ऑयलर यांना काम मिळाले ते याच मालिकेतले : आतड्याच्या अर्कात अ‍ॅसिटिलकोलीन दाखवून द्यायचे.

प्रयोगाची रीत साधी होती. सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षारद्रावात टांगायचा, त्याला तरफ जोडायची आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर आकुंचनाची रेघ उमटवायची. द्रावात अर्क टाकला की तुकडा आकसतो आणि रेघ वर जाते. हे काम अ‍ॅसिटिलकोलीनचे आहे की नाही हे तपासायलाही सोपी युक्ती होती. अ‍ॅट्रोपिन टाकले की अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम बंद पडतो.

फॉन ऑयलर यांनी अ‍ॅट्रोपिन टाकले. तरीही तुकडा आकसला.

इथे थांबून पाहण्यासारखे आहे. नवखा माणूस, परका देश, डेल यांच्यासारखा दबदबा असलेला प्रमुख आणि प्रयोग अपेक्षेच्या उलट जातो आहे. अशा वेळी अर्क अशुद्ध होता असे म्हणून तो मोरीत ओतून देणे सर्वांत सोपे. फॉन ऑयलर यांनी त्या न जुळणाऱ्या रेघेचाच पाठपुरावा केला. डेल यांनीही अडवले नाही. उलट त्यांचे सहकारी जॉन गॅडम सोबतीला आले. दोघांनी मिळून दाखवले की घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कात असे काहीतरी आहे, जे सशाचा रक्तदाब खाली आणते, आतडे आकुंचित करते आणि तरीही त्या वेळी माहीत असलेल्या कोणत्याच रसायनाशी जुळत नाही. १९३१ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त त्यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकातच हा पदार्थ ओळख न पटलेला असल्याचे नमूद होते.

आणि ‘पी’ म्हणजे काय?

लोकांना वाटते की ‘सबस्टन्स पी’मधला ‘पी’ हा ‘पेन’चा, म्हणजे वेदनेचा. तसे नाही. अर्क शुद्ध करून, सुकवून त्याची पूड करून ठेवत. प्रयोगवहीत त्या पुडीसाठी ‘पी’ लिहिले जाई. तेच नाव १९३४ मध्ये गॅडम आणि शिल्ड यांच्या निबंधातून रूढ झाले. वेदनेशी या पदार्थाचा संबंध आहे याची तेव्हा कोणाला कल्पनाही नव्हती. पुढे तो संबंध निघाला हा केवळ योगायोग.

स्टॉकहोमला परतल्यावर फॉन ऑयलर यांनी १९३६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रथिने पचवणारे विकर या पुडीवर घातले की तिचा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे हा पदार्थ पेप्टाइड असला पाहिजे, अमिनो आम्लांची छोटी साखळी. नसांमध्ये पेप्टाइड असते, त्याचा दूर कुठेतरी परिणाम होतो, ही कल्पना तोवर कोणी फारशी केलेली नव्हती. आज ज्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात, त्या शंभराच्या आसपास पोहोचलेल्या कुळातला हा पहिल्या काही सदस्यांपैकी एक.

दुसरे दोन शोध कोणते?

स्टॉकहोममध्येही त्यांची पद्धत तीच राहिली : अर्क काढायचा, ज्ञात रसायनांचा परिणाम वजा करायचा आणि उरते काय ते पाहायचे. वीर्यात आणि मेंढ्याच्या वीर्यकोश ग्रंथींत त्यांना असाच एक उरलेला पदार्थ सापडला. तो स्निग्ध आम्लासारखा वागत होता. १९३५ मध्ये त्यांनी त्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ नाव दिले, कारण तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असे त्यांना वाटले. ते चुकले होते. त्याचा मुख्य स्रोत वीर्यकोश निघाला आणि पुढे तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तो बनतो असे दिसले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. इंग्लंडमध्ये मॉरिस गोल्डब्लॅट यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हा परिणाम दिसला होता.

हे रसायन शुद्ध करणे आपल्या आवाक्यातले नाही हे फॉन ऑयलर यांनी ओळखले. १९४५ मध्ये, युद्धाआधीपासून जपून ठेवलेले आपले अर्क त्यांनी तरुण रसायनशास्त्रज्ञ सुने बेर्यस्ट्रॉम यांच्या हवाली केले. त्यातून जे उभे राहिले त्याला १९८२ चे नोबेल मिळाले. ते बेर्यस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन यांना. मूळ शोध फॉन ऑयलर यांचा असूनही. अ‍ॅस्पिरिन दुखणे का थांबवते, याचे उत्तर याच प्रोस्टाग्लँडिनमध्ये दडले होते. आपला अपुरा राहिलेला विषय दुसऱ्याच्या हाती देणे शास्त्रज्ञांना किती जड जाते, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारावे.

तिसरा शोध सर्वांत मोठा. घाबरलो की छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात. हे काम अनुकंपी नसा करतात. पण त्या कोणते रसायन सोडतात यावर पंचवीस वर्षे घोळ चालू होता. बहुतेकांची पसंती अ‍ॅड्रेनलिनला होती. फॉन ऑयलर यांनी गुरांच्या प्लीहेकडे जाणाऱ्या नसा निवडल्या, कारण त्यांत अनुकंपी तंतू जवळजवळ निर्भेळ मिळतात. १९४६ मध्ये त्यांनी दाखवले की या नसांतले रसायन अ‍ॅड्रेनलिन नसून त्याचेच सख्खे भावंड, नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे. पुढे नील्स-ओके हिलार्प यांच्यासह १९५६ मध्ये त्यांनी हे रसायन नसांच्या टोकांशी अतिसूक्ष्म कणांत साठवलेले असते हेही दाखवून दिले. त्याच १९४६ मध्ये योरान लिल्येस्ट्रान्ड यांच्याबरोबर आणखी एक निरीक्षण त्यांच्या नावावर आहे : प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्या परिणामाला आजही या दोघांच्या नावाने ओळखतात.

नोबेल मिळताना अडचण काय होती?

फॉन ऑयलर १९३९ पासून १९७१ पर्यंत कॅरोलिन्स्का संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. वैद्यकाचे नोबेल कोणाला द्यायचे हे ठरवणारी संस्था तीच. ते १९५३ पासून काही वर्षे नोबेल समितीवर होते आणि १९६६ पासून नोबेल फाउंडेशनचे अध्यक्ष. १९७० मध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्याबरोबर त्यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हा ते त्या पदावर होतेच. फाउंडेशन पैसा आणि समारंभ सांभाळते, निवड करत नाही, हा खुलासा योग्यच आहे. पण आजच्या काळात यावर समाजमाध्यमांत काय गदारोळ झाला असता याची कल्पना करता येते. पुरस्कार मात्र निर्विवाद कामाला होता. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा शोध तेव्हा चोवीस वर्षे जुना झाला होता आणि रक्तदाबाच्या औषधांची अख्खी शाखा त्यावर उभी होती.

सबस्टन्स पीला चाळीस वर्षे का लागली?

या सगळ्या काळात पहिली पूड तशीच होती. काम करणारी, पण बिनचेहऱ्याची. फॉन ऑयलर यांनी तिचा पाठ सोडला नाही, विद्यार्थ्यांकडे सोपवला. बेंग्ट पेर्नोव यांनी तिच्यावर प्रबंध लिहून १९५३ मध्ये पूर्ण केला. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील फ्रेड लेम्बेक यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या नसांच्या मागच्या मुळांत हा पदार्थ पुष्कळ आहे, पुढच्या मुळांत अगदी कमी. मागच्या मुळांतून संवेदना आत येतात, पुढच्यांतून हालचालीचे हुकूम बाहेर जातात. म्हणजे हा संवेदनेच्या नसांचा पदार्थ.

पण शुद्ध नमुना नाही, रासायनिक रचना नाही. अशा अवस्थेत अनेकांनी या विषयाकडे पाठ फिरवली. कोंडी फुटली ती भलत्याच दिशेने. अमेरिकेत सुझन लीमन मेंदूतले ताणाशी संबंधित एक संप्रेरक शोधत होत्या. त्यांनी अर्क टोचला की उंदरांच्या तोंडाला लाळ सुटे. हे काही त्या शोधत नव्हत्या. तरीही त्यांनी लाळेचा माग काढला आणि हाती आलेले पेप्टाइड फॉन ऑयलर-गॅडम यांचाच पदार्थ निघाले. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली : अकरा अमिनो आम्लांची साखळी. लंडनच्या काजळीवरची न जुळणारी रेघ आणि उंदरांची अनपेक्षित लाळ, दोन्ही प्रयोगांत नको असलेलेच उत्तर ठरले. १९७५ मध्ये स्टॉकहोममध्येच टोमास हॉकफेल्ट आणि पेर्नोव यांच्या गटाने हे पेप्टाइड संवेदी नसांच्या पेशींत प्रत्यक्ष रंगवून दाखवले. फॉन ऑयलर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

वेदनेची नस सूज कशी आणते?

इथे मिरचीचा प्रवेश होतो. ठेचा कुटल्यावर हात डोळ्याला लागला की डोळा झोंबतो, लाल होतो, पाणी येते. झोंबणे ही संवेदना झाली. पण लाली आणि सूज कुठून आली? हंगेरीतील सेगेद इथले औषधशास्त्रज्ञ मिक्लोश यान्चो यांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवले. मिरचीतल्या कॅप्सेसिनचे मोठे डोस दिले की प्राण्यांच्या वेदनेच्या नसा निकामी होतात. त्यानंतर मोहरीच्या उग्र तेलासारखे पदार्थ लावले तरी तिथे सूज येत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे सूज पदार्थाने थेट आणलेली नव्हती, नसेने आणली होती. यान्चो १९६६ मध्ये वारले. त्यांचा महत्त्वाचा निबंध पुढच्या वर्षी सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला.

याचा अर्थ असा, की संवेदी नस एकमार्गी तार नाही. तिचे एक टोक कण्याकडे खबर पाठवते आणि त्याच वेळी दुसरे टोक जागच्या जागी रसायने सोडते. त्यांत दोन मुख्य : सबस्टन्स पी, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जनुकाच्या अभ्यासातून सापडलेले ‘सीजीआरपी’. ही दोन्ही बहुतेकदा एकाच नसेत नांदतात. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावते; सबस्टन्स पी त्यांच्या भिंती गळक्या करते आणि मास्ट पेशींना त्यांचे हिस्टामिन ओकायला लावते. संसर्गाच्या वेळी चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू वेदनेच्या नसा थेट चेतवतात आणि नसांतून सुटलेले सीजीआरपी जिवाणू मारायला धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना आवरते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. आवरण्याचा फायदा जिवाणूंनाच होतो. म्हणजे एकच नस कुठे आग भडकवते, कुठे विझवते.

अस्थिमज्जेत या नसा काय करतात?

फॉन ऑयलर यांचे मार्च १९८३ मध्ये स्टॉकहोममध्ये निधन झाले. त्याच महिन्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काही संबंध नव्हता. आता आहे.

प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे २०० अब्ज लाल पेशी तयार करते. शिवाय पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्या. हे सारे मूठभर मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून सुरू होते. या पेशी मज्जेतल्या आधारपेशींच्या कुशीत राहतात. रक्तवाहिन्यांच्या सोबतीने हाडात शिरलेल्या नसा याच कुशींजवळून जातात. त्यांत दोन प्रकार : नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडणाऱ्या अनुकंपी नसा आणि सबस्टन्स पी व सीजीआरपी सोडणाऱ्या संवेदी नसा. थोडक्यात, फॉन ऑयलर यांच्या १९४६च्या आणि १९३१च्या शोधांचे वारस शेजारी शेजारी.

१९९०च्या दशकात अमेरिकेत प्रनेला रामेश्वर आणि पेद्रो गॅस्कॉन यांनी मज्जेच्या पेशी काचपात्रात वाढवून सबस्टन्स पीचा परिणाम तपासला. पेशींची वाढ वेगाने झाली. गंमत अशी की हे पेप्टाइड बहुतांश काम मूळ पेशींवर थेट करत नव्हते. ते आधारपेशींना चेतवत होते आणि त्या पेशी वाढीचे इतर घटक सोडत होत्या. त्याचेच चुलत भावंड असलेले न्यूरोकायनिन ए मात्र पांढऱ्या पेशींच्या पूर्वजांची वाढ रोखते. एकाच जनुकातून निघालेली दोन पेप्टाइड, एक ढकलते आणि एक ब्रेक लावते. २००९ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी आणखी एक पैलू दाखवला. डोळ्याला इजा झाली की रक्तातले सबस्टन्स पी वाढते आणि मज्जेतल्या आधारपेशींसारख्या पेशी रक्तात उतरून जखमेकडे जातात. दूरच्या जखमेची वर्दी हाडापर्यंत पोहोचते ती अशी.

अनुकंपी नसांचे काम त्याआधी उघड झाले होते. न्यूयॉर्कमध्ये पॉल फ्रेनेट यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की या नसा नसतील तर मूळ पेशी मज्जेतून रक्तात नीट उतरत नाहीत. २००८ मध्ये त्यांनीच दाखवले की हे उतरणे घड्याळाप्रमाणे दिवस-रात्रीच्या लयीत चालते. २०१३ चा त्यांचा निष्कर्ष कर्करोगाच्या रुग्णांशी थेट संबंधित आहे. काही केमोथेरपी औषधांनी मज्जेतल्या नसाच जखमी होतात आणि त्यामुळे उंदरांत केमोनंतर रक्त पुन्हा तयार होण्यास अडथळा येतो. केमो घेतलेल्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, हे घराघरांत माहीत आहे. तशीच इजा हाडाच्या आतही होते, हे नव्याने कळले.

तिखट खाणाऱ्या उंदरांचे काय झाले?

मूळ पेशींचे दान आता बहुधा हाडात सुई खुपसून घेत नाहीत. दात्याला चार-पाच दिवस ‘जी-सीएसएफ’ची इंजेक्शने देतात. मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि मग यंत्रावर रक्तातून वेगळ्या काढतात. या इंजेक्शनांनी कंबर, पाठ, मांड्या ठणकतात. दात्यांची ही नेहमीची तक्रार, डॉक्टरही तो औषधाचा त्रास समजून वेदनाशामक देतात. अडचण दुसरीच आहे. काही रुग्णांत, विशेषतः आधी बरीच केमो झालेल्यांत, पुरेशा पेशी उतरतच नाहीत आणि प्रत्यारोपण लांबते किंवा होत नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये फ्रेनेट यांच्याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. उंदरांच्या वेदनेच्या नसा नाहीशा केल्या, तर जी-सीएसएफ देऊनही मूळ पेशी कमी उतरतात. सीजीआरपी बाहेरून दिले की जास्त उतरतात. हे पेप्टाइड मूळ पेशींवरच्या ग्राहकांना थेट जाऊन मिळते आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या जोडीने काम करते. सबस्टन्स पी इथे मुख्य नायक नव्हते, त्याचे जोडीदार पेप्टाइड होते. मग संशोधकांनी कॅप्सेसिन मिसळलेले खाणे उंदरांना दिले. नसा चेतल्या, सीजीआरपी सुटले आणि मूळ पेशी अधिक संख्येने रक्तात आल्या. म्हणजे हाडांतली ती ठणक केवळ उपद्रव नसावी. निदान उंदरांत तरी ती यंत्रणेचाच भाग दिसते.

हे वाचून कोणी लगेच रुग्णाच्या ताटात ठेचा वाढू नये. केमोत तोंड आलेले असते, पोट नाजूक असते आणि हा प्रयोग उंदरांवरचा आहे. असे निष्कर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर घरगुती उपाय होऊन फिरायला वेळ लागत नाही.

प्रोस्टाग्लँडिनचा इथे काय संबंध?

२००७ मध्ये बॉस्टनमध्ये झेब्राफिशवर काम करताना आढळले, की प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्ताच्या मूळ पेशींची संख्या वाढवते. २०१३ मध्ये त्याच रसायनाची दुसरी बाजू पुढे आली : ते मूळ पेशींना मज्जेत धरून ठेवण्यासही मदत करते. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामक गोळी देऊन त्याची निर्मिती रोखली, तर पेशी रक्तात जास्त उतरतात. हे उंदरांत दिसले, माकडांत दिसले आणि निरोगी स्वयंसेवकांतही दिसले. शिवाय वेदनेच्या नसा हळव्या करणारे रसायनही हेच. ज्याला फॉन ऑयलर प्रोस्टेटचा स्राव समजले, ते असे हाडात निघाले.

रुग्णांपर्यंत काय पोहोचले?

सबस्टन्स पी रोखले की वेदना थांबेल, या आशेने १९९०च्या दशकात औषध कंपन्यांनी मोठी गुंतवणूक केली. प्राण्यांत चांगली वाटलेली औषधे माणसांच्या वेदनेवर साफ अपयशी ठरली. ‘पी’ म्हणजे ‘पेन’ समजण्याची ती फार महागडी शिक्षा होती. पण त्याच औषधांनी उलटी थांबते असे दिसले. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रातही सबस्टन्स पीचे ग्राहक असतात. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अ‍ॅप्रेपिटंट आज केमोच्या दिवशी, सलाइन लावण्याच्या तासभर आधी रुग्णाला कॅप्सूल म्हणून दिले जाते. आपल्याकडच्या डे-केअर वॉर्डांतही ते रोजचे झाले आहे. सीजीआरपी रोखणारी औषधे २०१८ पासून अर्धशिशीसाठी आली.

यातून आता एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. अर्धशिशीसाठी सीजीआरपी रोखणारे इंजेक्शन घेणारी व्यक्ती मूळ पेशींचा दाता म्हणून पुढे आली, तर तिच्या मज्जेतून पेशी तितक्याच उतरतील का? उंदरांवरचे निष्कर्ष पाहता प्रत्यारोपण केंद्रांना हे दात्याला विचारावे लागेल. दात्याला ठणक लागली म्हणून कोणती वेदनाशामक द्यायची, हाही प्रश्न आता फक्त आरामाचा राहिलेला नाही. एक गोळी प्रोस्टाग्लँडिन रोखून पेशी उतरायला मदत करते. दुसरे एखादे औषध वेदनेची नसच गप्प करून तेच काम अडवू शकते.